जबलपूरचा निकाल आणि खिशातला पहारा

भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नाव सरकू लागते, तेव्हा पर्यटकांचे हात मोबाइलकडे जातात. ज्या ज्या अ‍ॅपला स्थान पाहण्याची परवानगी कधीतरी घाईत दिलेली असते, त्या अ‍ॅपला नर्मदेवरचा हा प्रवासही कळू शकतो. फोनला दिलेला जाहिरात-क्रमांक वेगवेगळ्या अ‍ॅपमधल्या अशा नोंदी एका सूत्रात ओवतो. नावाची गरजच पडत नाही. फोन रात्री कुठे असतो आणि दिवसा कुठे, एवढ्यावरून माणूस हुडकता येतो. ‘अ‍ॅपल’ने एप्रिल २०२१ पासून असा माग काढण्यापूर्वी परवानगी विचारणे अ‍ॅपना सक्तीचे केले, अँड्रॉइडवर हा क्रमांक वापरकर्त्याला स्वतः शोधून पुसावा लागतो. किती जण तो पुसतात?

भेडाघाट ज्या जबलपूर जिल्ह्यात आहे, त्याचे नाव नागरिकांच्या खासगीपणाच्या लढ्याशी फार वेगळ्या कारणाने जोडले गेले आहे. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना अटकेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी दिला. खटला होता ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना, बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड. तो निकाल रद्दबातल ठरला २४ ऑगस्ट २०१७ रोजी. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेव्हा. पित्याचा निकाल चुकीचा होता, असे नमूद करणारे निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले होते.

न्यायालयाने दिलेल्या हक्काला कायद्याचे रूप देण्यास संसदेला सहा वर्षे लागली. न्या. श्रीकृष्ण समितीचा मसुदा, २०१९ चे विधेयक, संयुक्त समितीचा अहवाल आणि २०२२ मध्ये विधेयकाची माघार, असा हा वळणावळणाचा प्रवास. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. कंपन्यांवरील मुख्य बंधनांना आणखी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास हा कायदा मज्जाव करतो. प्रौढांच्या वाट्याला मात्र ‘मान्य’ हे एक बटण आले आहे. २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाचा धाक आहे, पण दंड ठोठावणाऱ्या मंडळाच्या नेमणुका केंद्राच्याच हाती.

खरी मेख कलम १७ मध्ये आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून कायद्यातून वगळू शकते. २०१७ च्या निकालाने कायदेशीर आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या घातल्या होत्या. या कलमात प्रमाणबद्धतेचा शब्दही नाही.

हा धोका काल्पनिक नाही. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ अ‍ॅप आधीच बसवण्याचा आदेश उत्पादकांना दिला. चोरीचे फोन शोधण्यास ते उपयोगी आहे, हे खरेच. पण आदेश निघाला तो संसदेपुढे न येता. हिवाळी अधिवेशन सुरू होताच गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. कंपन्यांची मुदत मे २०२७ मध्ये संपते. त्याआधी कलम १७ खालील प्रत्येक अधिसूचना कारणांसह दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवण्याचे बंधन कायद्यात घालून घेणे खासदारांना शक्य आहे. तशी दुरुस्ती सुचवायला बहुमत लागत नाही.