आरशासारखा ब्रेस, दगडासारखा फोर्क

आपल्या पिढीचा एक सिंपल फंडा आहे: जे दिसतं ते विकतं. सीव्ही असो, सेल्फी असो की शनिवारी रात्रीची पार्टी, चकाकी हवी. मग बाईकने काय घोडं मारलंय? याच फंड्याच्या नादात मी तीन रविवार, सव्वा डझन पॉलिश पेपर आणि दहाही नखं खर्ची घातली, ती ॲल्युमिनियमच्या एका वीतभर तुकड्यासाठी. त्याने मला पसरणी घाटात असा झटका दिला, की हा कॉलम त्याच्याच नावे.

बाईक मामाची. १९९५ची यामाहा आरएक्स १००. ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ अशी अकरा वर्षं बनली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ बीएचपी आणि लांबूनच ओळखू येणारा तो आवाज. मामाने चावी हातात दिली आणि मी पहिलं काम काय केलं? पुढचा जाड लोखंडी मडगार्ड काढून छोटासा प्लॅस्टिकचा लावला. एकदम स्लिम, एकदम कूल!

पण ताशी साठच्या पुढे गेलं की हँडल हातात हलकंसं वळवळायला लागलं. गॅरेजवाले काका हसले. म्हणाले, ‘‘ताई, तो मडगार्ड नुसता चिखल अडवायला नव्हता. त्याचा ब्रॅकेट दोन्ही पायांना बांधून ठेवत होता.’’

पाय म्हणजे फोर्कचे पाय, पुढच्या चाकाच्या दोन बाजूंच्या नळ्या. वर त्यांना हँडलखालच्या दोन पट्ट्या पकडून असतात, खाली चाकाचा ॲक्सल. मधल्या भागात दोघं आपापले स्वतंत्र. वळणावर किंवा खड्ड्यात एक पाय थोडा पुढे, दुसरा थोडा मागे झाला की चाकाला पीळ बसतो. हा पीळ कमी करायला चाकावरून जाणारी एक कमान दोन्ही पायांना जोडतात. तोच फोर्क ब्रेस.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना तो लागत नाही, कारण फोर्कच जाड झालेत. १९६९च्या होंडा सीबी ७५०सारख्या दणकट गाडीचा फोर्क होता ३५ मिलिमीटरचा. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५०लाही आधी ३५चाच होता, २०२१च्या नव्या मॉडेलला ४१चा आला. फरक फक्त सहा मिलिमीटरचा वाटतो ना? पण नळीच्या भिंतीची जाडी तीच धरली तर ताठपणा साधारण साठ टक्क्यांनी वाढतो! आमची आरएक्स मात्र जुन्या जमान्यातली, काटकुळ्या पायांची.

जुना मडगार्ड परत लावणं हा सरळ उपाय होता. पण मग स्टाईलचं काय? म्हणून भोसरीच्या एका वर्कशॉपमधून १२ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमच्या पाट्यातून ब्रेस कापून घेतला. माप मी दिलं, शाळेतल्या फूटपट्टीने घेतलेलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग सुरू झालं पॉलिशिंग. आधी कानशीने कडा मोडायच्या. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर: १८०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आधीच्या दिशेला आडवी, म्हणजे मागचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते दिसतं. इथे घाई केली की शेवटी आरशात रेघा उमटतात आणि परत १८०पासून श्रीगणेशा. त्यानंतर कापडी बफ आणि पॉलिशचा साबण. वस्तू फिरत्या चाकाच्या खालच्या अर्ध्या भागावरच धरायची. वरच्या कडेला लागली तर बफ ती हिसकावून भिरकावतो. डोळ्यांवर गॉगल मस्ट, ओढणी आणि मोकळे केस बंद.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी त्या ब्रेसमध्ये बघून मी काजळ लावलं. सीरियसली!

आणि फिटिंग? अवघी वीस मिनिटं. मडगार्डच्याच बोल्टांच्या जागी ब्रेस धरला. दोन्ही बाजूंना किंचित फट दिसली, पण पाना मारला आणि फट गायब. वा! फोटो काढले, लाइक्स मोजले. पुढच्या शनिवारी मावसबहिणीला मागे बसवून पाचगणी.

पसरणी घाट चढताना काहीच जाणवलं नाही. उतरताना एका वळणावर डांबराचे उंचसखल ठिगळ आले. मी ब्रेक धरलेला होता. पुढचा फोर्क खाली बसायला हवा होता, तो बसलाच नाही. चाक ठिगळावरून टणकन उडालं आणि हातभर बाहेर सरकलं. समोर कठडा, कठड्यापलीकडे खाली वाई. बहिणीची नखं माझ्या खांद्यात रुतलेली. गाडी सावरली कशी ते मला आजही सांगता येणार नाही. वाईपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

सोमवारी काकांनी गाडी स्टँडवर घेतली आणि व्हर्नियर काढला. दोन्ही पायांमधलं अंतर वर मोजलं, मग ब्रेसपाशी. ब्रेसपाशी दीड मिलिमीटर कमी. म्हणजे ब्रेस आखूड होता आणि मी बोल्ट आवळून पायांनाच आत ओढलं होतं. जोडीने सरळ सरकायचे पाय तिरके अडकत होते. पीळ घालवायच्या नादात मी सस्पेन्शनच बंद पाडलं होतं.

दुसरी चूक त्याहून भारी. ब्रेस पायांना जिथे टेकतो ती बाजूही मी हौसेने बफ केली होती. सपाट जागा कडेने गोल झालेली. काका म्हणाले, ‘‘बसायची जागा कधी चमकवायची नाही, ताई. ती कोणाला दिसत नाही, पण सगळा भार तिच्यावर.’’

मग त्यांनी जे केलं ते नीट वाचा. टेकण्याच्या बाजू मिलिंगवर परत सपाट करून घेतल्या. ॲक्सलचा नट ढिला करून, पुढचा ब्रेक दाबून फोर्क सात-आठ वेळा खाली-वर केला, म्हणजे पाय आपोआप आपल्या जागेवर येतात. मग नट आवळला. ब्रेस नुसता अडकवून राहिलेल्या फटीत पातळ चकत्या भरल्या, ब्रेस न ओढता, न ढकलता बसेपर्यंत. बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळले. पुन्हा फोर्क दाबून पाहिला: ब्रेस नसताना जितका सहज जात होता तितकाच जायला हवा. शेवटी एका नळीवर प्लॅस्टिकचा टाय बांधून गाडी खड्ड्यांतून फिरवली. टाय जिथवर सरकला तिथवर फोर्क दबला. तेवढं दबूनही ब्रेस वर कुठे आपटत नाही आणि खाली टायरला घासत नाही, एवढं पाहिलं. या सगळ्याला अख्खी दुपार गेली.

आता हँडल वळवळत नाही. पण ब्रेस काही जादूची कांडी नाही बरं का. फोर्कमधलं तेल जुनं असेल, हँडलचा कोनसेट ढिला असेल किंवा टायर गुळगुळीत झाला असेल, तर आधी ते. काकांनी ते आधीच तपासलं होतं, मी विचारलंसुद्धा नव्हतं.

एक पावसाळा गेला आणि आरसा थोडा धुरकटला. उघडं ॲल्युमिनियम कोरं राहत नाही, मेणाचा हात फिरवत राहावं लागतं. मी कधी फिरवते, कधी नाही. दर रविवारी न चुकता एकच करते: ब्रेक धरून फोर्क दोनदा दाबून बघते.

मावसबहीण अजून मागे बसायला तयार नाही. तिला म्हटलंय, ये, आधी तूच दाबून बघ.