सातचं फाटक आणि हिंगण्याची परंपरा

मुलींच्या कॉलेजात मी मराठी शिकवलं आणि शेवटची काही वर्षं वसतिगृहाची रेक्टर होते. मुली फाटकाची वेळ वाढवून मागायच्या, आणि त्यांचा अर्ज वर नेला की एकच उत्तर मिळायचं : आपल्या संस्थेची परंपरा आहे. सातला फाटक बंद. सव्वासातला आलेल्या मुलीचं नाव वहीत आणि तिच्या घरी फोन. ही परंपरा कुणाची, हे मला आता जाहीरपणे विचारायचं आहे.

मुलींच्या शिक्षणातल्या परंपरेचं नाव घ्यायचं तर पुण्याजवळच्या हिंगण्याला जाऊ या. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याच्या माळावर गेला. फर्ग्युसनमध्ये गणिताचे तास घेऊन ते पायी तिथे पोचत. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हा कॉलेजच्या वर्गात पाच जणी होत्या. शिक्षण मातृभाषेतून, आणि घरी अभ्यास करून परीक्षेला बसायचीही मुभा. जिला रोज घर सोडणं शक्य नाही, तिच्यासाठीही वाट काढलेली.

कर्व्यांचा फोटो प्रत्येक संमेलनात हार घालून ठेवतात. पार्वतीबाई आठवले यांचं नाव मात्र निघत नाही. त्या कर्व्यांच्या पत्नी बाया यांच्या बहीण. ऐन विशीत वैधव्य आलं, पदरात मूल. अभ्यासाला लागल्या त्यानंतर. आश्रमात त्या बायकामुलींची देखरेख करत, म्हणजे मी करत होते तेच काम. वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. १९१८ मध्ये, पन्नाशीला टेकलेल्या असताना, अमेरिकेला गेल्या. इंग्रजी धड येत नव्हतं. तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करत भाषा शिकल्या आणि संस्थेसाठी निधी मागितला. आपल्या परंपरेतली रेक्टर ही अशी आहे!

आश्रमातही शिस्त कडक होती, हे मी जाणते. पण विधवेशी लग्न केलं म्हणून कर्व्यांना त्यांच्याच गावच्या, मुरुडच्या लोकांनी वाळीत टाकलं होतं. आश्रमातल्या एखादीबद्दल जरा कुजबुज झाली असती, तर सगळ्याच जणींचं शिक्षण बंद पडलं असतं. ते भय खरं होतं. आजचं सातचं फाटक मुलींना कशापासून वाचवतं? बीडकडची एक हुशार मुलगी माझ्याकडे होती. तिचा स्पर्धा परीक्षेचा क्लास आठला सुटायचा. परवानगी मिळाली नाही, तिनं क्लास सोडला. त्याच क्लासला येणारी मुलांच्या वसतिगृहातली पोरं रात्री नऊला चहा पिऊन परतत होती.

पालकांना काळजी वाटते, ती मी फोनवर रोज ऐकली आहे. त्या काळजीचं उत्तर कुलूप नव्हे. बसथांब्यापासून फाटकापर्यंत दिवे लावा, रात्रपाळीला बाई रखवालदार नेमा. वाचनालय दहापर्यंत उघडं ठेवा, फाटकही. आणि वेळ ठरवणाऱ्या समितीत वसतिगृहातल्या मुली घ्या, निम्म्या तरी. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. नवं नियमपत्रक त्याआधी छापून व्हायला हवं.