झडपेचा विकार आणि दोन योजनांमधील बारा वर्षे

हृदयाच्या झडपांच्या विकाराने होणारे मृत्यू हा विषय प्रशासकाच्या मेजावर सहसा येत नाही. साथीचे रोग येतात, कुपोषण येते, गेल्या काही वर्षांत मधुमेह आणि रक्तदाबही येऊ लागले आहेत. झडपा मात्र हृदयरोगतज्ज्ञांच्या खात्यावर जमा करून आपण मोकळे झालो आहोत. माझ्या मते हा विषय निम्म्याहून अधिक प्रशासनाचा आहे.

देशोदेशीचे मृत्युदर शेजारी शेजारी मांडले की प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एकाच शीर्षाखाली दोन वेगळे रोग मोजले जात असतात. पश्चिम युरोपात वा उत्तर अमेरिकेत झडपेच्या विकाराने मरणारा मनुष्य बहुधा पंचाहत्तरी ओलांडलेला असतो. महाधमनीच्या मुखाशी असलेली झडप वयोमानाने कॅल्शियम साचून ताठर होते आणि हृदय थकते. अशा वृद्धांची छाती न उघडता, मांडीतील रक्तवाहिनीवाटे नवी झडप बसविण्याची किमया २००२ साली फ्रान्समधील रूआं येथे आलँ क्रिबिए यांनी केली आणि तेथील वृद्धांचे आयुष्य वाढले. आपल्याकडील झडपेचा रुग्ण मात्र अनेकदा विशी-तिशीतला असतो आणि त्याच्या रोगाचा उगम वार्धक्यात नसून शाळेत असताना दुखलेल्या घशात असतो.

त्या रोगाचे नाव ऱ्हुमॅटिक हृदयविकार. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंमुळे घसा सुजतो. त्या जंतूंशी लढताना काही मुलांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर उलटते. सांधे काही आठवड्यांत बरे होतात, झडपा होत नाहीत. ताप पुन्हा पुन्हा आला की डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड व अरुंद होत जाते. पाश्चात्य ग्रंथांत या अवस्थेला दोन-तीन दशके लागतात असे लिहिलेले असे. भारतात ती विशीच्या आतच गाठली जाते, हे दिल्लीच्या सुजॉय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले. म्हणजे ही माहिती आपल्या हाती येऊन साठ वर्षे उलटली आहेत.

हा फरक वंशाचा आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत हाच ज्वर होता. पेनिसिलिन हाती येण्यापूर्वीच तेथे व डेन्मार्कमध्ये त्याचा जोर ओसरू लागला होता, कारण एका खोलीत झोपणाऱ्या माणसांची संख्या घटली आणि राहणीमान सुधारले. उलट बाजूने पाहावयाचे तर ऑस्ट्रेलिया पाहावा. अत्यंत संपन्न देश, उत्तम इस्पितळे. तरीही तेथील मूळनिवासी मुलांना हा रोग आजही होतो, आणि त्याच देशातील गौरवर्णीय मुलांत तो जवळजवळ दिसत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी व पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांची हीच कथा आहे. रोग माणसाच्या रक्तात नाही, त्याच्या घरात आहे.

जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१५ साली जगभरात या विकाराने सुमारे ३ लाख १९ हजार मृत्यू झाले आणि त्यांपैकी सुमारे १ लाख १९ हजार एकट्या भारतात. 'अंदाज' हा शब्द येथे मी मुद्दाम वापरीत आहे. आपल्याकडे मृत्यूची नोंद होते, कारणाची होतेच असे नाही. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले मृत्यू जेमतेम २२ टक्क्यांच्या आसपास होते. गोव्यात हे प्रमाण जवळपास पूर्ण, तर बिहारमध्ये एक आकडी. मग गोव्यातील झडपेच्या मृत्यूंची बिहारशी तुलना करणाऱ्याने नेमके काय तोलले? रोग, की निबंधकाच्या कचेरीतील कारकुनी?

प्रमाणपत्र असले तरी त्यात काय लिहिलेले असते, हेही पाहण्यासारखे आहे. 'हृदयक्रिया बंद पडल्यामुळे' हे शब्द मी इतक्या कागदांवर वाचले आहेत की आता त्यांवरून नजर घसरते. हृदयक्रिया प्रत्येक मृताची बंद पडते. ते मृत्यूचे वर्णन झाले, कारण नव्हे. त्यात भर म्हणजे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती. तीत नुसती 'मायट्रल झडप अरुंद' अशी नोंद असेल तर ती ऱ्हुमॅटिक समजून त्या गटात टाकली जाते, आणि नुसती 'महाधमनीची झडप अरुंद' अशी असेल तर ती ऱ्हुमॅटिक नाही असे धरले जाते. नियम करणाऱ्यांचा त्यात दोष नाही, काही तरी गृहीत धरावेच लागते. मात्र त्यामुळे युरोपातील एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजीबाई ऱ्हुमॅटिक ठरू शकतात आणि आपल्याकडचा एखादा बावीस वर्षांचा मजूर वार्धक्याच्या रोगाच्या गटात जाऊन बसतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३च्या दुरुस्तीने, संस्थेत झालेल्या प्रत्येक मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देणे रुग्णालयांना बंधनकारक केले. हे योग्यच झाले. परंतु घरी झालेल्या मृत्यूचे काय, आणि प्रमाणपत्र भरणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरला ते भरावयास शिकविणार कोण, हे प्रश्न उरतातच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एकदा ज्वर येऊन गेलेल्या मुलाची झडप वाचविण्याचा उपाय जुना व स्वस्त आहे: दर तीन किंवा चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन. हृदयाला बाधा झालेली असेल तर ते किमान दहा वर्षे, कित्येकदा पंचविशीपर्यंत वा त्याहीपुढे द्यावयाचे असते. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांचा रोग केवळ प्रतिध्वनी-चित्रणातच दिसत होता अशा मुलांपैकी इंजेक्शन घेणाऱ्यांत दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा रोग बळावला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के. औषध काम करते. प्रश्न वर्षाला १३ ते १७ वेळा, अनेक वर्षे, तेच इंजेक्शन त्याच मुलीपर्यंत पोहोचविण्याचा आहे. हा प्रश्न वैद्यकाचा खचितच नाही.

आपल्या योजना या वयाला कशा भिडतात ते पाहा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे. परंतु तो कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. असंसर्गजन्य रोगांची लोकसंख्या-आधारित तपासणी तिसाव्या वर्षी सुरू होते, आणि तीत रक्तदाब, मधुमेह व कर्करोग पाहिले जातात. मधली बारा वर्षे कोणाची? नेमक्या याच वर्षांत मुलगी शाळा सोडते, लग्न होऊन दुसऱ्या गावी, बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात जाते आणि गरोदर राहते. गरोदरपणात रक्ताचे आकारमान वाढते, अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही आणि फुप्फुसांत पाणी भरते. धाप लागते म्हणून ती केंद्रात जाते, तेव्हा रक्तक्षय समजून लोहाच्या गोळ्या हाती पडतात. तिचा मृत्यू झालाच तर तो मातामृत्यू म्हणून नोंदला जातो. झडपेच्या खात्यात तो दिसत नाही.

पैशाची गोष्टही सांगितली पाहिजे. निकामी झडप बदलण्याचा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून होतो, २०१८ पासून आयुष्मान भारतमधूनही होतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडविलेली आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथम बसविलेली देशी झडप परदेशी झडपेच्या मानाने खूपच स्वस्त आहे, आणि तिचा अभिमान रास्त आहे. मात्र कृत्रिम धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर आल्या, वारंवार रक्ततपासणी आली, आणि गरोदरपणात त्याच गोळ्यांचे भय आले. शस्त्रक्रियेचे देयक मंजूर होते, छायाचित्र निघते. इंजेक्शनचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

इंजेक्शनबाबत एक अडचण फारशी उघड बोलली जात नाही. पेनिसिलिनची तीव्र प्रतिक्रिया विरळा आहे, पण एखाद्या केंद्रात ती घडली की चौकशी लागते, परिचारिकेस कारणे दाखवा नोटीस निघते आणि पुढे कित्येक महिने त्या तालुक्यात कोणी सिरिंज हाती धरावयास तयार होत नाही. अमेरिकन हृदयरोग संघटनेने २०२२ साली असे सुचविले की झडप फार बिघडलेल्या रुग्णांत इंजेक्शननंतर झालेले काही मृत्यू ॲलर्जीचे नसून थकलेल्या हृदयाचे असावेत. अशा रुग्णांस ते कसे द्यावे याचे मार्गदर्शनही त्यांनी केले. नियमानुसार इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेच्या पाठीशी जिल्हा प्रशासन उभे राहील, एवढे एक परिपत्रक निघाले तरी पुष्कळ होईल. क्युबातील पिनार देल रिओ प्रांताने १९८६ ते १९९६ या दहा वर्षांत या ज्वराचे प्रमाण खाली आणले ते नोंदवही, प्रशिक्षण आणि नियमित इंजेक्शन यांच्याच बळावर. तेथे अद्भुत असे काही नव्हते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना स्थलांतराचा हा भाग अधिक उमजेल. बीडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेवढ्या काळात त्यांच्यातील आजारी मुलीची सहा-सात इंजेक्शने चुकतात, कारण तिचे नाव ज्या वहीत आहे ती वही गावच्या केंद्रातच राहिलेली असते. क्षयरोग्याची नोंद 'निक्षय' प्रणालीवर २०१२ पासून होते आणि रुग्ण राज्य बदलून गेला तरी त्याची नोंद त्याच्यामागे जाऊ शकते. झडपेच्या रुग्णांकरिता अशीच सोय करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तोवर एक काम कोणत्याही नव्या तरतुदीवाचून करता येण्यासारखे आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात देशभर गरोदर स्त्रियांची तपासणी होते. त्या दिवशी धाप लागणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या छातीस स्टेथोस्कोप लावावा, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता काय हे विचारावे, आणि दोन्हींचे उत्तर तिच्या कार्डावर लिहावे.