हँडिकॅप कोणाच्या मालकीचा?

मुलांच्या खेळात दुबळ्या गड्याला ‘कच्चं लिंबू’ ठरवून सवलत देण्याची आपली जुनी रीत आहे. गोल्फमधील हँडिकॅप ही याच रीतीची गणिती आवृत्ती म्हणता येईल. ७२ फटक्यांच्या मैदानावर एखादा प्रवीण खेळाडू ७४ फटक्यांत खेळ संपवतो. त्याचा हँडिकॅप शून्य. दुसरा बेताचा खेळाडू ९० फटके घेतो. त्याचा हँडिकॅप १८. नव्वदातून अठरा वजा जाता उरतात बहात्तर, आणि त्या दिवसापुरता बेताचा खेळाडू प्रवीणावर मात करतो. असमान कुवतीच्या माणसांना बरोबरीने खेळवणारी इतकी सुबक व्यवस्था इतर खेळांत क्वचितच आढळते. मात्र ही बरोबरी मैदानावर सुरू होते. मैदानाबाहेर, हँडिकॅपचा अधिकृत आकडा मिळवतानाच, एक मोठी असमानता उभी असते. आपल्याकडे हा आकडा मिळवण्याची रुळलेली वाट संलग्न क्लबाच्या दारातून जाते, आणि अधिकृत हँडिकॅप नसेल तर अनेक हौशी स्पर्धांत प्रवेश मिळत नाही.

कामण रोडच्या फलाटावर वसई-दिवा गाडीची वाट पाहणाऱ्यांपुढे हा प्रश्न मांडला, तर ‘धनिकांच्या खेळाशी आम्हांला काय कर्तव्य?’ असे उत्तर मिळेल. ते स्वाभाविक आहे. पण प्रश्न केवळ खेळाचा नाही. माणसाच्या गुणवत्तेचे मोजमाप करण्याचा अधिकार कोणाकडे असावा आणि त्या मोजमापासाठी एखाद्या मंडळीत प्रवेश मिळवणे सक्तीचे असावे काय, हा खरा मुद्दा आहे. आणि शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांचा त्याच्याशी नित्याचा संबंध येतो.

दहावीच्या परीक्षेचेच पाहा. शाळेच्या पटावर नाव नसलेला विद्यार्थी सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षेस बसतो. प्रश्नपत्रिका तीच, तपासणीही तीच. त्याला शाळेचे वर्ग वा क्रीडांगण मिळत नाही आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नसते. त्याची मागणी एवढीच, की आपल्याला जे येते ते मोजले जावे. बुद्धिबळातही हेच आढळते. जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली मानांकन पद्धती स्वीकारली. आज खेड्यातला मुलगा महासंघाकडे नोंदणी करून मानांकन स्पर्धांत खेळला, की त्याचे मानांकन ठरते. तो कोणत्या जिमखान्याचा सभासद आहे, असे त्याला कोणी विचारीत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे दोन निराळ्या वस्तूंची गल्लत झाली आहे. जेम्स बुकॅनन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली क्लबांचा सिद्धान्त मांडला. एखादी सोय ठरावीक माणसांपर्यंत वाटून घेता येते. त्यापुढे गर्दी झाली की प्रत्येकाचा लाभ घटतो, म्हणून सभासदसंख्येवर मर्यादा घालणे सयुक्तिक ठरते. हिरवळ, तंबू, उपाहारगृह यांना हा न्याय लागू पडतो. हँडिकॅप मात्र नुसती माहिती आहे. आणखी एका खेळाडूचा आकडा काढल्याने दुसऱ्या कोणाचा आकडा बिघडत नाही. २०२० पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धती अमलात आली असून भारतानेही ती स्वीकारली आहे. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ फेऱ्यांची सरासरी घ्यायची आणि मैदानाच्या काठिण्यानुसार तिचा मेळ घालायचा, हे काम आता संगणक करतो. त्याचा वाढीव खर्च नगण्य आहे. अशी स्वस्त वस्तू महागड्या सभासदत्वाला बांधून देणे ही निव्वळ जोडविक्री होय. साखरेसोबत चहाची पुडी गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराला आपण दोष देतो. येथे तर पुडीच्या मोहाने अख्खे दुकान विकत घ्यावे लागते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. हँडिकॅप हा विश्वासावर उभा असतो. मुद्दाम वाईट खेळून आकडा फुगवायचा आणि स्पर्धेत बक्षीस लाटायचे, हा गोल्फमधला जुना रोग आहे. क्लबात परस्परांची ओळख असते, समितीची नजर असते. बाहेरच्या एकांड्या खेळाडूवर नजर कोण ठेवणार? शिवाय आकडा बाहेर मिळू लागला तर वर्गणी भरून क्लब चालवायचा कोणी?

दोन्ही शंकांना अनुभवाने उत्तर दिले आहे. अमेरिकेत स्वतःचे मैदान नसलेल्या, किमान दहा जणांनी मिळून स्थापलेल्या मंडळालाही क्लब म्हणून मान्यता मिळू शकते. इंग्लंडच्या गोल्फ संघटनेने जुलै २०२१ मध्ये क्लबाबाहेरच्या खेळाडूंसाठी थेट नोंदणी सुरू केली. आरंभी वार्षिक शुल्क ४० पौंड होते. तेथेही फेरीची नोंद दुसऱ्या व्यक्तीने साक्षांकित करावी लागते. ओळख नसली तरी साक्षीदार असू शकतो. आपल्या परीक्षाकेंद्रांतही पर्यवेक्षक परका असतो तोच बरा. शुल्काचा पैसा खेळाच्या वाढीसाठी वापरता येतो, आणि क्लबाच्या अंतर्गत स्पर्धा सभासदांपुरत्या राखण्याचा अधिकार क्लबाकडेच राहतो.

आपल्याकडे या सुधारणेची निकड अधिक आहे. चेंबूरचा प्रेसिडेन्सी क्लब वा विलिंग्डन क्लब यांचे सभासदत्व पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण या हिरवळीवर केवळ सभासदच वावरत नाहीत. त्यांच्या पिशव्या वाहणारे कॅडी, गवत राखणारे माळी आणि त्यांची मुलेही तेथेच खेळ पाहत वाढतात. दिल्लीत असाच कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. अशी माणसे व्यावसायिक होऊन पुढे येतात, कारण हौशी खेळाचा जिना क्लबाच्या आतून चढतो. ज्याला पोटासाठी खेळायचे नाही, पण आपण किती पाण्यात आहोत हे जाणून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी पहिली पायरीच नाही.

उपाय खर्चिक नाही. भारतीय गोल्फ संघटनेने माफक शुल्कात थेट नोंदणी द्यावी. कॅडी आणि विद्यार्थी यांना ते शुल्क माफ असावे. किमान ५४ होलच्या साक्षांकित नोंदी हव्यात, हा मूळ नियम सर्वांना सारखाच लागू असावा. सिडकोने खारघरला उभारलेल्या मैदानासारखी सार्वजनिक मैदाने या कामाची स्वाभाविक केंद्रे ठरतील, कारण ती लोकांच्या पैशातून उभी राहिली आहेत. आकड्यात लबाडी आढळली तर तो रद्द करावा. सभासद असो वा नसो, शिक्षा एकच असावी.

क्लबांनी आपली दारे सर्वांना उघडावीत, अशी ही मागणी नाही. आपले सोबती निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांना आहे आणि ते राहावे. परंतु तराजू बाजारात असावा, तो एखाद्या पेढीच्या माजघरात ठेवू नये, हे व्यापाराला लागू असलेले साधे तत्त्व खेळालाही लागू पडते. कामणचा एखादा मुलगा उद्या गोल्फ खेळू लागेल किंवा लागणार नाही. पण खेळलाच, तर त्याचे फटके मोजण्यापूर्वी त्याच्या वडिलांची ऐपत मोजली जाऊ नये.