फवारणीचे विष आणि शासनाची तिजोरी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, तर शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले, शासनाने विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख रुपये जाहीर झाले. विषबाधेचे निदान करणारी रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी मात्र त्या वेळी यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात होत नव्हती. आम्हांला ही बाब सर्वांत बोचते.

कायदा नव्हता असे नाही. १९५८ साली केरळमध्ये अन्नात पॅराथिऑन मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली; त्या धक्क्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. औषधाची नोंदणी केंद्राकडे. परवाने, दुकानांची तपासणी, नमुने काढणे ही कामे राज्याकडे. विषबाधेच्या घटना कळविणे बंधनकारक करण्याचा अधिकारही राज्यास आहे. कायमची बंदी मात्र राज्याला घालता येत नाही. म्हणूनच २०१७ मध्ये अमरावती विभागात काही कीटकनाशकांवर साठ दिवसांचीच बंदी आली. त्यांतील मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्राने बंदीचा आदेश काढला तो २०२३ मध्ये.

ही सारी कामे करायची कोणी? तालुक्यातील कृषी अधिकारीच बियाण्यांचा, खतांचा आणि कीटकनाशकांचाही निरीक्षक. पंचनामे, योजना, बैठका सांभाळून उरलेल्या वेळात त्याने दुकाने तपासावीत! अशा यंत्रणेस दोष देणे सोपे आहे. तिला माणसे आणि पैसा देणे शासनाने टाळले, हे आमचे स्पष्ट मत आहे.

पैसा नाही, हे उत्तर आम्हांस पटत नाही. जुलै २०१७ पासून कीटकनाशकांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. हजार रुपयांच्या औषधावर शेतकरी एकशे ऐंशी रुपये कर भरतो, आणि राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीवरील त्यातला निम्मा राज्याचा. ती रक्कम सर्वसाधारण तिजोरीत मिसळून जाते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य कीटकनाशकांच्या विक्रीवर वेगळा आकार घेते व तो नियंत्रणाच्याच कामी लावते. जिल्हा पातळीवरील कृषी आयुक्तांनाही त्यातून वाटा मिळतो. दीर्घकाळ शंभर डॉलरमागे २ डॉलर १० सेंट असलेला हा आकार टप्प्याटप्प्याने २ डॉलर ८६ सेंटपर्यंत नेण्याचा कायदा तेथे २०२४ मध्ये झाला. उत्पादकांची कुरकुर तेथेही असतेच.

येथे नवा कर नको. शेतकरी आधीच भरतो आहे. जमणाऱ्या करातील ठरावीक हिस्सा निरीक्षक, प्रयोगशाळा आणि ग्रामीण रुग्णालयांतील रक्ततपासणीसाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली राखून ठेवावा, एवढीच आमची मागणी. ती मार्चच्या अर्थसंकल्पातच यायला हवी. नागपुरात अधिवेशन भरते, पुरवणी मागण्या मंजूर होतात, तोवर डिसेंबर उजाडतो. कपाशीची वेचणी सुरू असते आणि फवारणीचा पंप गोठ्यात टांगलेला असतो.