इंजिनाने आखलेला चढ

अमेरिकेत मेरिलँडमधल्या कंबरलँड गावात गाडी उभी करून मागच्या रॅकवरची सायकल सोडवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. वायव्येला ग्रेट ॲलेगेनी पॅसेज, थेट पिट्सबर्गपर्यंत, सुमारे २४० किलोमीटर. आग्नेयेला सी अँड ओ कालव्याचा काठ, पोटोमॅक नदीला धरून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत, जवळपास ३०० किलोमीटर. पहिली वाट आगगाडीची, दुसरी खेचरांची. दोन्हींवर जवळजवळ सगळीकडे मोटारींना मज्जाव.

दोघेतिघे असले तर एकाने गाडी पुढच्या गावी नेऊन ठेवायची, बाकीच्यांनी सायकली हाणायच्या. एकट्याला ती सोय नाही. जितकं पुढे जाईल तितकंच मागे यायचं, कारण गाडी तिथेच, कुलूपबंद. त्यामुळे एकट्याच्या सफरीत नकाशापेक्षा चढउताराचा आलेख महत्त्वाचा. पाय ताजे असताना चढ उरकायचा आणि परतीला उतार ठेवायचा, एवढा हिशेब जमला की अर्धी सफर जमली.

कंबरलँडहून ॲलेगेनीची वाट या हिशेबात चपखल बसते. ३८ किलोमीटरमध्ये ती सुमारे ५३० मीटर चढते आणि ७२९ मीटरवर पूर्वेच्या जलविभाजकाशी पोहोचते. इथून एका बाजूचं पाणी पोटोमॅकमधून अटलांटिकला, दुसऱ्या बाजूचं ओहायो आणि मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताला. ५३० मीटर हा आकडा ऐकून दम लागेल, पण प्रत्यक्षात चढ शंभर मीटरला दोन मीटरचाही नाही. मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला माहीत असलेला बोरघाट सदतिसास एक चढतो, म्हणजे शंभराला पावणेतीन, आणि तिथे गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. तेवढा चढ टाळण्यासाठीच वेस्टर्न मेरिलँड रेल्वेने १९१० ते १९१२ या काळात इथले डोंगर फोडले, दऱ्यांवर पूल टाकले. पोलादी रुळावर पोलादी चाक, म्हणजे पकड बेताची. चढ थोडा वाढला तरी चाक जागच्या जागी घसरायचं. इंजिनाच्या या दुबळेपणाची किंमत कंपनीने मोजली, आणि १९७५ मध्ये मार्ग बंद पडल्यावर त्याचं व्याज साठीतल्या गुडघ्यांना मिळतंय.

माथ्यापाशी बिग सॅव्हेज बोगदा आहे, एक किलोमीटर लांबीचा. आत दिवे आहेत, पण हिवाळ्यात त्याची दारं बंद करतात, कारण झिरपणारं पाणी गोठलं तर आतल्या अस्तराला तडे जातात. डिसेंबरात जाणाऱ्याने हे आधी पाहून निघालेलं बरं. बोगद्याला वळसा घालणारा डोंगररस्ता इंजिनाने आखलेला नाही. पलीकडे मायर्सडेलजवळ सॉल्झबरी व्हायाडक्ट, जवळपास ५८० मीटर लांबीचा उंच पूल. खाली कॅसलमन नदी, महामार्ग आणि रेल्वेचे चालू रूळ, सगळं एकाच नजरेत. इथे सायकल न थांबवणारा माणूस विरळाच. पुढे यॉकोगेनी नदीकाठचं ओहायोपाइल, तराफ्यांतून उसळत्या पाण्यावर स्वार होणाऱ्यांचं गाव. आणि शेवटी पिट्सबर्ग. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत त्या शहराचं नाव निघालं की आधी व्यंकटेश्वराचं देऊळ आठवतं. तिथे जाणाऱ्या गाड्यांमागे सायकलींचे रॅक क्वचितच दिसतात, ही तक्रार या सदरातून नोंदवून ठेवायला हरकत नाही.

नदी, झाडी, चुनखडीच्या बारीक कचेची दाबलेली वाट, मधूनच दिसणारं हरीण. ही वाट निसर्गानेच करून ठेवली असावी, असं वाटण्याजोगा सगळा देखावा. प्रत्यक्षात तिचा प्रत्येक किलोमीटर कुणीतरी कागदावर भांडून मिळवलेला आहे. ॲलेगेनीचा पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइलजवळ खुला झाला आणि पिट्सबर्गमधला शेवटचा जोड २०१३ मध्ये. मधली सत्तावीस वर्षं तुकडे जोडण्यात गेली.

खरं भांडण जमिनीचं. अनेक ठिकाणी रेल्वे कंपन्यांकडे मालकी नव्हतीच, फक्त रूळ टाकण्याचा हक्क होता; गाडी कायमची बंद झाली की पट्टा बाजूच्या शेतकऱ्याकडे परत जायचा. एक शेत मधून निघालं की अख्खा मार्ग तुटला. १९८३ मध्ये अमेरिकी संसदेने यावर शोधलेली तोड वकिली डोक्याची आहे. मार्ग सोडलाच नाही, भविष्यातल्या गाडीसाठी राखून ठेवलाय आणि तोवर लोक त्यावर चालतील, सायकल चालवतील, असं धरायचं. व्हरमाँटमधलं एक दाम्पत्य याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९० मध्ये न्यायालयाने कायदा टिकवला, पण भरपाई मागण्याचं दार उघडं ठेवलं. शेतकऱ्यांची बाजू अगदीच पोकळ होती, असं म्हणवत नाही. आज्याने दिलेल्या जमिनीवरून आगगाडी जाणं वेगळं आणि घामेजलेली अनोळखी माणसं दिवसभर जाणं वेगळं.

मिझुरीतल्या केटी ट्रेलवर हाच वाद गाजला. १९८६ मधल्या पुराने मिझुरी-कॅन्सस-टेक्सास रेल्वेचा मार्ग उखडला आणि कंपनीने तो सोडायचं ठरवलं. टेड जोन्स या उद्योजकाने पत्नी पॅट यांच्यासह पैसे पुढे केले, राज्याने मार्ग घेतला आणि आज ती सुमारे ३८५ किलोमीटरची वाट आहे, बराच काळ मिझुरी नदीला आणि तिच्यावर ओणवलेल्या चुनखडीच्या कड्यांना चिकटून. १९९३ च्या महापुराने तिचाही मोठा भाग खरवडला. नदीकाठचा सपाट रस्ता हवा असेल तर नदीचं येणंजाणंही चालवून घ्यावं लागतं. व्हर्जिनिया क्रीपर ट्रेलने ते २०२४ च्या सप्टेंबरात अनुभवलं. हेलीन वादळाच्या पुरात डमॅस्कस गावाच्या वरच्या अंगाचे पूल वाहून गेले.

सी अँड ओ कालव्याची कथा आणखी मजेची. ४ जुलै १८२८ या दिवशी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी कालव्याच्या कामाचा मुहूर्त केला आणि त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये प्रतिस्पर्धी रेल्वेचाही मुहूर्त झाला. रेल्वे कंबरलँडला १८४२ मध्ये पोहोचली, कालवा १८५० मध्ये. हरलेली शर्यत पुढे १९२४ पर्यंत रेटली गेली. नावा ओढणाऱ्या खेचरांच्या त्या वाटेवर १९५० च्या दशकात मोटाररस्ता करायचं घाटत होतं आणि वॉशिंग्टन पोस्टच्या अग्रलेखाने त्याची भलामणही केली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून सोबत चालायला बोलावलं. १९५४ च्या मार्चमध्ये कंबरलँडहून चमू निघाला. पूर्ण अंतर चालून गेलेले नऊच, पण वर्तमानपत्राने मत बदललं आणि १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. पदावरच्या न्यायमूर्तींनी असं उघड आंदोलन करावं का, हा प्रश्न रास्त आहे; पण पॉ पॉच्या साडेनऊशे मीटरच्या अंधाऱ्या बोगद्यात विजेरी लावून सायकल ढकलणाऱ्याला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

राहता राहिली एकट्याची ती जुनी अडचण, गाडीपाशी परतण्याची. तिच्यावर तोडगा आहे, आणि तो रेल्वेचाच. यॉकोगेनी आणि कॅसलमनच्या काठाने एक मार्ग सायकलींना गेला, पण बऱ्याच अंतरापर्यंत पलीकडच्या काठावर रूळ आजही जिवंत आहेत; मालगाड्यांचे भोंगे सायकलवर ऐकू येतात. त्याच रुळांवरून ॲमट्रॅकची गाडी वॉशिंग्टन, कंबरलँड, पिट्सबर्ग जोडते आणि सायकल घेते. मिझुरीतही नदीच्या दक्षिण काठाने प्रवासी गाडी धावते. म्हणजे एका टोकाला गाडी ठेवायची, सायकलने दुसरं टोक गाठायचं आणि आगगाडीने परत. मात्र सायकलीच्या जागा मोजक्या असतात, तेव्हा स्वतःच्या तिकिटाबरोबर तिचंही आरक्षण करायला हवं.