मारमाही हलाल आहे, पण पाणी?

गेल्या रविवारी सीवूड्सच्या मासळी बाजारात कोळीण मावशी म्हणाल्या, "भाभी, वाम घे, ताजी आहे." सोबतच्या शेजारणीने हळूच विचारलं, "बाजी, हा तर सापच दिसतो. हलाल आहे ना?" मला हसू आलं. उर्दूत वामला 'मारमाही' म्हणतात. फारसीत मार म्हणजे साप, माही म्हणजे मासा. दिसायला साप, पण आहे मासाच. हनफी आणि शाफई, दोन्ही फिक्हमध्ये हलाल. तिची शंका मिटली. मला मात्र दुसराच प्रश्न पडला. हा मासा कोणत्या पाण्यात वाढला?

बाजारातली वाम समुद्रातली, खाडीतली. तिची एक नातलग कोकणातल्या नद्यांत राहते, तिला अहीर म्हणतात. तिचा जन्म समुद्रात होतो. काचेसारखी पारदर्शक पिल्लं नदीत शिरतात, तिथे कित्येक वर्षं वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघतात. आयुष्यात एकदाच. या शेवटच्या प्रवासात हा मासा काही खात नाही. अंगातली चरबी हीच त्याची शिदोरी, आणि अंडीही तिच्यावरच पोसली जातात.

धोका इथेच आहे. पीसीबीसारखी औद्योगिक रसायनं चरबीत साठतात. नदीत असताना मासा धडधाकट दिसतो. प्रवासात चरबी वापरली जाऊ लागली की साठलेलं विष मोकळं होतं आणि अंड्यांपर्यंत पोहोचतं. युरोपातल्या वामवर झालेल्या संशोधनात, अशा रसायनांमुळे अंड्यांतले गर्भ दगावतात असं आढळलं आहे. तिकडे किनाऱ्याला येणारी पिल्लं १९८० नंतर ९० टक्क्यांहून जास्त घटली. धरणं, बेसुमार मासेमारी आणि परजीवी यांचाही त्यात हात आहे, पण प्रदूषणाला त्यातून वगळता येत नाही.

आपल्या शेजारच्या तळोज्यात २०१७ मध्ये निळे कुत्रे दिसले, तेव्हा कासाडी नदीची बातमी देशभर गेली. कुत्रे निळे झाले, मासे मरून तरंगले, की आपण जागे होतो. जी अंडी फुटलीच नाहीत, त्यांचा फोटो कोण काढणार?

म्हणून मेलेल्या माशांचा पंचनामा पुरेसा नाही. खाडीच्या गाळात आणि माशांच्या चरबीत काय साठलं आहे, हे नियमित तपासलं गेलं पाहिजे, आणि ते आकडे मासे विकणाऱ्यांना व खाणाऱ्यांना समजतील अशा मराठीत जाहीर झाले पाहिजेत. ही मागणी कोळीवाड्याइतकीच आपल्या मोहल्ल्यातूनही यायला हवी.

कुरआनात हलालच्या जोडीला 'तय्यिब' हा शब्द येतो. तय्यिब म्हणजे शुद्ध, चांगलं. पहिला शब्द आपण बाजारात रोज विचारतो. दुसरा विचारायचा तर खाडीपर्यंत जावं लागेल. सीवूड्सहून ती काही फार लांब नाही.